मंडळासाठी कीबोर्ड घेताना



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. बचतीची रक्कम मोजून होते, वह्या मिटतात आणि मग कुणीतरी विचारतं, "ताई, आमच्या भजनी मंडळाला कॅसिओ घ्यायचाय. कोणता घ्यावा?" कुणाला तो हळदीच्या, डोहाळजेवणाच्या कार्यक्रमांसाठी हवा असतो. कुणाला घरी बसून स्वतःच्या गाण्यांना चाली लावायच्या असतात. दहा-पंधरा हजारांची वस्तू आणि पैसा गटाचा, म्हणून आज यावर जरा सविस्तर बोलूया.

आपल्या गावागावांत बायकांची भजनी मंडळं आहेत. गातात बायका, टाळ धरतात बायका, पण पेटीवर बहुतेक ठिकाणी कुणीतरी काका नाहीतर दादा असतात. ते वेळेला धावून येतात, त्यांचे उपकारच आहेत. पण त्यांच्या शेताला रात्रीची लाइट असली, त्यांना दुसरीकडची सुपारी आली, की आपला कार्यक्रम अडतो. बिदागीतला मोठा वाटाही वादकाकडे जातो. म्हणून कीबोर्ड घ्यायचा विचार चांगलाच आहे. फक्त तो आपल्याला उपयोगी पडेल असा हवा. आमच्या भागातल्या एका मंडळाने घरातल्या मुलांच्या सांगण्यावरून मोठा, भारी कीबोर्ड घेतला. उचलायला दोन माणसं लागायची, त्याला स्वतःचा स्पीकर नव्हता, आणि त्याची बटणं फक्त मुलालाच कळायची. शेवटी वाजवायला मुलगाच बसला आणि बायकांच्या हातात पुन्हा टाळच आले.

म्हणून कुठलाही कीबोर्ड बघताना आधी एकच गोष्ट विचारा. आपल्यातली एक बाई हा एकटी उचलेल का, एकटी जोडेल का, एकटी वाजवेल का? आता पुढे जे सांगते ते सगळं याच कसोटीवर लावून बघा.

नावांचा घोळ

कॅसिओ हे एका जपानी कंपनीचं नाव. तिचा पहिला कीबोर्ड १९८० साली बाजारात आला, आणि पुढे आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला कॅसिओ म्हणायची सवय पडली. यामाहा, रोलँड, कॉर्ग याही जपानीच कंपन्या. दुकानात तुमच्या कानावर 'अरेंजर' आणि 'सिंथेसायझर' असे दोन शब्द पडतील. अरेंजर कीबोर्डला स्वतःचे स्पीकर असतात, आत ठेके भरलेले असतात, म्हणजे एकच बाई सूर आणि ठेका दोन्ही देऊ शकते. सिंथेसायझर म्हणजे आवाज घडवायचं यंत्र. त्यात आवाज बदलायच्या, नवे तयार करायच्या सोयी जास्त असतात, पण बहुतेकांना स्वतःचा स्पीकर नसतो. रोलँडचा एक्सपीएस-१० ऑर्केस्ट्रावाल्यांकडे दिसतो. वाद्य चांगलं आहे, पण बाहेरचा स्पीकर किंवा हेडफोन जोडल्याशिवाय तो मुका. आपलं पहिलं वाद्य असेल तर स्पीकरवाला अरेंजर कीबोर्डच सोयीचा.

खोक्यावरचा आकडा

दुकानदार आधी सांगतो, यात किती आवाज आहेत. कॅसिओच्या सीटी-एस३०० मध्ये ४०० आवाज आहेत, यामाहाच्या पीएसआर-ई३७३ मध्ये ६२२. म्हणून दुसरा पहिल्यापेक्षा दीडपट चांगला असं होत नाही. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात आणि रोजचा स्वयंपाक त्यातल्या चार-पाचांवरच होतो, तसंच हे. भजनाला पेटी, बासरी, सतार, संतूर, व्हायोलिन आणि एखादा ऑर्गन असला तरी पुष्कळ झालं. हे सहा आवाज दुकानात एकेक करून ऐका. त्यातली पेटी आपल्या पेटीसारखी वाटत नसेल, तर बाकीचे शेकडो आवाज तुमच्या काय कामाचे?

पट्ट्या मोजा

आपल्या पेटीला साधारण साडेतीन सप्तकं असतात. कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा घ्या. त्यात पाच सप्तकं येतात, ३६ पांढऱ्या आणि २५ काळ्या पट्ट्या. डाव्या हाताने आधाराचे सूर, उजव्या हाताने चाल, असं वाजवायला एवढी जागा लागते.

पट्ट्यांची रुंदीही बघा. लहान मुलांसाठीच्या कीबोर्डमध्ये पट्ट्या बारीक असतात. त्यांच्यावर हात बसला की पेटीवर तोच हात चुकतो. शिवणकामाची टेप बरोबर न्या. लगतच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरल्या पाहिजेत. फारच कमी भरल्या तर ते खेळणं समजा.

बोटाचा जोर

पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावर ठरतो. कीबोर्डला भाता नाही. म्हणून चांगल्या कीबोर्डमध्ये बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होतो. याला 'टच रिस्पॉन्स' म्हणतात. सगळ्यात स्वस्त कीबोर्डमध्ये हे नसतं, कसंही दाबा, आवाज एकसारखाच. नुसता सूर धरायचा असेल तर तेवढ्यावर भागतं. पण संतूर किंवा सतार वाजवायची असेल, घरी चाली बांधायच्या असतील, तर टच रिस्पॉन्स असलेलाच घ्या. वर सांगितलेल्या दोन्ही मॉडेलमध्ये तो आहे. दुकानात संतूरचा आवाज लावून एकच पट्टी आधी हळू आणि मग जोरात दाबा, लगेच कळेल.

गळा आणि पट्टी

बायकांच्या मंडळाला कीबोर्डचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. पुरुष वादक बहुतेक वेळा त्याच्या सवयीच्या पट्टीत वाजवतो आणि आपण गळा ताणत बसतो. कीबोर्डवर 'ट्रान्सपोज' नावाचं बटण असतं. बोटं तुम्ही शिकलेल्या जागीच फिरतात, आवाज मात्र दुसऱ्या पट्टीत निघतो.

समजा, वाजवणारी ताई पांढरी एक धरून शिकली आहे आणि गाणारीचा गळा काळी चारला बसतो. पांढरी एकच्या डावीकडे काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या धरून मोजत आलं, की चौथी पट्टी काळी चार. मग ट्रान्सपोजवर उणे ४ लावायचं आणि नेहमीसारखं वाजवायचं. दरवेळी कुठला आकडा लावायचा ते गाण्याच्या वहीत गाण्यापुढे लिहून ठेवा, कारण बऱ्याच कीबोर्डमध्ये बंद करून परत चालू केलं की हा आकडा पुन्हा शून्यावर येतो.

जुन्या पेटीबरोबर वाजवणार असाल तर आणखी एक गोष्ट. जुन्या पेटीचे सूर कधी किंचित चढे असतात, कधी उतरलेले. कीबोर्ड तिच्याशी अगदी थोडा भांडतो आणि कानाला खुपतं. पेटी काही आपल्याला फिरवता येत नाही, पण कीबोर्डमध्ये 'ट्यूनिंग' नावाची बारीक सोय असते. दोन्हींवर एकच सूर धरायचा आणि कानाने जुळेपर्यंत ट्यूनिंग सरकवायचं. ही सोय आहे का, हे दुकानातच विचारा.

मींड

१९४० पासून जवळजवळ तीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. त्यामागे एक आक्षेप असा होता की पेटीला मींड घेता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. आक्षेप रास्त होता, तरी पेटी काही आपण सोडली नाही. कीबोर्डमध्ये ही उणीव थोडी भरून निघते. काही कीबोर्डना डाव्या बाजूला 'पिच बेंड'चं चाक असतं. ते फिरवलं की सूर वाकतो. बासरीच्या किंवा शहनाईच्या आवाजात ते छान लागतं. सीटी-एस३०० ला हे चाक आहे. त्याच किमतीच्या सगळ्याच कीबोर्डना नसतं, म्हणून चाक आहे की नाही ते डोळ्यांनी बघा.

ठेका

बहुतेक कीबोर्डमधले ठेके परदेशी वळणाचे असतात. चार किंवा आठ मात्रांच्या ठेक्यावर आपला केरवा बसवता येतो, सहा मात्रांच्या ठेक्यावर दादरा बसतो, पण त्यात तबल्याचा बाज येत नाही. भारतासाठी काढलेल्या मॉडेलमध्ये, जसं कॅसिओचं सीटी-एक्स८७०आयएन किंवा यामाहाचं पीएसआर-आय५००, तबला-ढोलकीचे ठेके आणि आपल्या वाद्यांचे आवाज भरलेले असतात. त्यांना पैसे थोडे जास्त पडतात. तुमच्या मंडळात मृदंग किंवा ढोलकी वाजवणारी कुणी असेल तर हा खर्च करूच नका. जिवंत हाताच्या थापेची सर यंत्राला नाही. वाजवणारी नसेल तर मात्र हे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

ठेका तपासताना तो तुमच्या लयीत ऐका. दुकानदार जलद लावून दाखवतो, तेव्हा सगळंच छान वाटतं. आपल्या काकड्याच्या अभंगाची लय संथ असते. लय उतरवत न्या आणि ठेका भरलेला वाटतो की मधे पोकळ पडतो, ते बघा.

लाइट, सेल आणि साऊंडवाला

कीबोर्ड ॲडाप्टरवर चालतो. लाइट गेली तर? म्हणून सेलवरही चालेल असाच घ्या. सीटी-एस३०० आणि पीएसआर-ई३७३ दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात. कार्यक्रमाला जाताना नवे सेल पिशवीत असू द्या. ॲडाप्टर कंपनीने सांगितलेलाच वापरा. पिन बसते म्हणून दुसरा कुठला लावला आणि व्होल्ट किंवा पिनेतला अधिक-उणे उलटा निघाला, तर आतलं सर्किट जळू शकतं.

वजनही विचारा. सीटी-एस३०० साधारण सव्वातीन किलोचा आहे आणि त्याला धरायला मूठ आहे. पीएसआर-ई३७३ साडेचार किलोच्या वर जातो. एसटीने जाणाऱ्या बाईला हा फरक कळतो.

मंडपात कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर पुरत नाहीत. साऊंडवाल्याच्या मिक्सरला वायर जोडावी लागते. स्वस्त कीबोर्डना यासाठी वेगळं भोक नसतं, हेडफोनचं भोकच वापरतात. कुठे ते बारीक पिनेचं असतं, कुठे जाड पिनेचं. तुमच्या कीबोर्डला कुठली पिन लागते ते बघून, दुसऱ्या टोकाला मिक्सरची जाड पिन असलेली वायर स्वतःची घेऊन ठेवा. "वायर नाही, माइक समोर धरा" असं मग कुणी म्हणणार नाही. जोडताना कीबोर्डचा आणि मिक्सरचा आवाज आधी शून्यावर, मग पिन, मग हळूहळू आवाज वर. नाहीतर धाडकन आवाज होतो, लहान लेकरं दचकतात आणि स्पीकरही फाटतो.

घरी चाल बांधताना

आपल्या बायका मुळातच गाणी रचणाऱ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. त्या गाणाऱ्या साध्या घरांतल्या बायकाच होत्या. आजही तुमच्यातली एखादी बारशाला उभ्या उभ्या पाळणा रचते आणि दुसऱ्या दिवशी तो विसरून जातो. कीबोर्ड घरी आला की निदान ते टिकवता येईल.

कीबोर्डमध्ये 'रेकॉर्ड' असं बटण असेल तर ते बहुधा तुमची बोटं कुठे पडली एवढंच लक्षात ठेवतं, तुमचा गाण्याचा आवाज नाही. यूएसबीच्या भोकाचंही बऱ्याच स्वस्त कीबोर्डमध्ये तसंच असतं. त्यातून आवाज जात नाही, कुठली पट्टी कधी दाबली हा निरोप जातो. त्याला 'मिडी' म्हणतात. फोनला ओटीजी वायरने जोडून तो निरोप ॲपमध्ये घेता येतो. पण सुरुवातीला याच्या मागे लागू नका. बँडलॅबसारखं फुकट ॲप फोनवर घ्या. आधी ठेका आणि सूर रेकॉर्ड करा, मग कानात हेडफोन घालून ते ऐकत त्यावर गा. दोन्ही थर वेगळे राहतात, चुकलं तर एकच परत करता येतो. सुरुवातीला गाण्याचं नाव, रचणारीचं नाव आणि तारीख तोंडाने बोला, म्हणजे वर्षानंतरही गोंधळ होत नाही.

आणखी एक. आपली बरीच मंडळं सिनेमाच्या चालीवर भजनं बसवतात. लोकांना आवडतात, त्यात मौज आहे. पण ती चाल दुसऱ्याची असते. स्वतःची चाल बांधली, शब्दही स्वतःचे असले, की ते गाणं तुमचं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे रचनेवरचा हक्क नोंदणी केली नाही तरी रचणारीचाच असतो. वहीत शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे लिहून खाली सही करून ठेवा. उद्या कुणी ते गाणं आपलं म्हणून गायलं, तर हीच वही तुमच्या बाजूने बोलेल.

जुना मिळत असेल तर

जुना कीबोर्ड घ्यायला हरकत नाही, पण घाई नको. पहिल्या पट्टीपासून एकसष्टाव्या पट्टीपर्यंत एकेक पट्टी आधी हळू, मग जोरात दाबा. एखादी मुकी असेल किंवा एकदम ओरडत असेल तर आतलं रबर खराब झालेलं असू शकतं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का? सेलचं झाकण उघडा, आत हिरवट-पांढरं काही जमलंय का? हेडफोनचं भोक चालू आहे का? आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्या कंपनीची दुरुस्ती होते का, हे आधी फोन करून विचारा. नवा घेतला तर पक्की पावती आणि वॉरंटीचा कागद गटाच्या फाइलला लावा.

हिशेब

एक उदाहरण मांडते. आकडे तुमच्या बाजारातले घाला. समजा, कीबोर्ड १४,००० रुपये, स्टँड १,२००, कव्हर ८०० आणि वायर-सेल ५००. एकूण १६,५००. स्टँड-कव्हरचा खर्च सगळ्या विसरतात आणि मग कीबोर्ड खुर्चीवर ठेवून वाजवतात. गटाच्या अंतर्गत कर्जातून हे पैसे दरमहा १ टक्का व्याजाने मंडळाने घेतले आणि दर कार्यक्रमातून ७५० रुपये मुद्दलाचे बाजूला काढले, तर २२ कार्यक्रमांत मुद्दल फिटतं. महिन्याला एक कार्यक्रम धरला तर घटत्या मुद्दलावरचं व्याज सगळं मिळून साधारण १,९०० रुपये होईल. आज बाहेरच्या वादकाला तुम्ही एका कार्यक्रमाचे किती देता, तो आकडा शेजारी लिहा. घ्यायचा की नाही, ते लगेच दिसेल.

वाजवणाऱ्या ताईचा वाटाही या हिशेबात धरा. ती रोज चूल आवरून तासभर रियाज करते, ते काम आहे. घरची म्हणून तिला फुकट राबवू नका.

घेण्याआधी बैठकीत ठराव करून इतिवृत्तात लिहा. कीबोर्ड कुणाच्या नावाने, राहणार कुणाच्या घरी, बाहेर द्यायचा तर किती भाड्याने, बिघडला तर खर्च कुणाचा. आणि शिकायला एकीला नाही, दोघी-तिघींना बसवा. एकीचं बाळंतपण येतं, एकीचं लग्न होऊन ती सासरी जाते, तेवढ्याने मंडळाचं वाद्य बंद पडू नये. वापर झाल्यावर वर कापड टाका. त्यावर हळदीकुंकवाचं ताट, निरांजन, तेलाची वाटी काही ठेवायचं नाही. पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका, ओल लागते आणि उंदीर वायरी कुरतडतात.

बाजाराला जाताना तिघी जा. एक गाणारी, एक वाजवणारी आणि एक हिशेब ठेवणारी. दुकानात दुकानदाराला वाजवू देऊ नका. त्याची बोटं सरावलेली, त्याच्या हातात सगळंच गोड वाटतं. आपली ताई वाजवेल, आपली ताई आपल्याच पट्टीत आपलंच भजन गाईल आणि तिसरी डोळे मिटून ऐकेल. मग कीबोर्ड एकीने उचलून दुकानाच्या दारापर्यंत नेऊन बघा. एवढं झालं की भाव करायला बसा.

आणि तुमची पहिली स्वतःची चाल बसली, की रेकॉर्डिंग घेऊन रेडिओ केंद्रावर या. शब्द तुमचे, चाल तुमची, वाजवणारीही तुमच्यातलीच, असं गाणं लावायला आम्हाला फार आवडेल.